वावटळचा रिकामा फुगा

दि. ९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू इतक्या मोठ्यानं बोलतेस की शेजारच्या खोलीत बाबांना सगळं ऐकू जातं. ही बातमी त्यांच्या कानावर इतक्यात जायला नकोय, म्हणून पत्र लिहितेय.

बाबांच्या चित्रकथेतल्या वावटळवर पुन्हा सिनेमा निघतोय. घाबरू नकोस, जुन्या सिनेमाशी याचा काही संबंध नाही. सगळं पहिल्यापासून नव्यानं करणार आहेत, त्याला इथे रिबूट म्हणतात. आणि त्यात मला काम मिळालंय. शूटिंगच्या आधी एकेक प्रसंग कागदावर काढून द्यायचा, म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा ते सगळ्यांना कळतं. मी कुणाची मुलगी हे त्यांना सांगितलं नव्हतं. माझी चित्रं बघून घेतलं. झाल्यावर सांगितलं, तेव्हा निर्मात्यानं उभं राहून हात मिळवला आणि मला उगाच लाजल्यासारखं झालं.

जुना सिनेमा लागला तेव्हा मी लहान होते, पण विसरलेले नाही. नायकाची शाल पंख्यात अडकली आणि अख्खं थिएटर हसलं. प्रसंग रडायचा होता गं. बाबा मला उचलून अंधारातून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आले. त्यानंतर त्यांनी वावटळ कधी काढला नाही, पाठ्यपुस्तकांसाठी बेडकाची आतडी काढत बसले. मला बाकी काही नको. एकदा, फक्त एकदा, बाबांनी वावटळचा सिनेमा लागलेला असताना खुर्चीवर शेवटपर्यंत बसावं.

सुरुवात मात्र झकास झालीय. दिग्दर्शक कालच सोडून गेले. त्यांचं म्हणणं, वावटळ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तेव्हा नायक बाईच हवी. निर्माता म्हणाला, व्याकरण शाळेत शिकवा. दोघांनीही दारं आपटली.

बाबांना काही बोलू नकोस. माझ्यावरचा लोभ आहे तितकाच ठेव, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी


दि. १६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे. ज्या घरात मी आयुष्यभर फुग्यांत अक्षरं लिहिली, त्या घरातल्या पोरीनं असं लिहावं! चित्रातली माणसं बोलतात ते फुगे सगळे माझे, हे तुझ्या निर्मात्याला सांगून ठेव. दादा चित्रात शिरला की शब्द विसरायचा. कथा सांगायचा तोंडी, मी शाईनं उतरवायची, आणि छापखान्याचा माणूस दारात उभा राहून घड्याळाकडे बघायचा.

आणि ते व्याकरण मी तुझ्या दिग्दर्शकाच्या आधी काढलं होतं. पहिल्याच अंकाला विचारलं, वावटळ आली लिहू की आला? दादा म्हणाला, बाकीच्यांची येत असेल, माझा आला.

तुझ्या बापाला मी काही सांगणार नाही. तोंड दुधानं पोळलंय त्याचं, ताक फुंकून पिणारच. पण तू काम सोडू नकोस. आपल्या माणसाच्या हातात असलं म्हणजे निदान शाल तरी पंख्यात जाणार नाही.

प्रकृती जप. मी आहे तोवर लोभाची काळजी करायची नाही.

तुझी आत्या


दि. २२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पावणेदोन वर्षं मी तुला बरं चाललंय, बरं चाललंय असं लिहीत आले. आज खोटं बोलवत नाही. सिनेमा डब्यात गेला.

दुसऱ्या दिग्दर्शकांना सगळं काळोखात हवं होतं. वावटळनं हसायचं नाही, दात दाखवायचे नाहीत. त्यांच्यासाठी एक अख्खी गल्ली उभी केली, गच्च्या, पाइप, वाळत घातलेले कपडे, सगळं. मग तिसरे आले, त्यांना वावटळ उडायला हवा होता. मी सांगितलं की तो उडत नाही, पाइपवरून चढतो आणि वर पोचल्यावर त्याला धाप लागते, गंमत त्यातच आहे. ते म्हणाले, धापेला कोण तिकीट काढतं? गल्ली पाडली, ढग बांधले. ढग बांधून होईतो स्टुडिओत नवे साहेब आले, त्यांना ढगही नकोत आणि वावटळही नको.

गोदाम रिकामं करायचं होतं, तेव्हा वावटळचा पोशाख माझ्या गळ्यात पडला. आता तो माझ्या कपाटात कोटांशेजारी टांगलाय. सकाळी कपाट उघडलं की दचकायला होतं.

मी थकलेय आत्या. पुढचं काही सुचत नाही. उत्तर लवकर लिही, रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
भिंगरी


दि. २८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागवायला काय झालं? नाचता येईना त्यांना आणि अंगण तू कशाला वाकडं म्हणून घेतेस? पोटभर झोप. कपाटात तो निदान शिस्तीत उभा आहे, तुझ्या बापासारखा टॉवेल कुठेही टाकत नाही.

दादाला कळलं. मी नाही सांगितलं, केस कापायला गेला होता तिथे कुणीतरी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, तुझ्या नावासकट. घरी आला तो सरळ स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला बसला. नळ चांगला होता, आता गळतो. जेवताना आपणहून म्हणाला की पोरीला लिही, सुटलीस म्हणावं. मला राग आला, म्हणून त्याला वाढलं नाही. पण नंतर मनात आलं, तो तुझ्यावर नाही गं चिडलेला, तुझ्यासाठी घाबरलेला होता. आपल्या मुलीवरही तसंच एक थिएटर हसेल, ही भीती त्याला बसली आहे. ती टळली म्हणून तो सुटलीस म्हणाला. हे तू समजून घे, मला त्याला वाढायला दोन दिवस लागतील.

तुझी आत्या


दि. ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बसलेली असशील तर वाच. सिनेमा डब्यातून बाहेर आलाय आणि दिग्दर्शक मी आहे!

नवे साहेब जाऊन आणखी नवे साहेब आले. त्यांनी विचारलं की या वावटळबद्दल सगळं कुणाला माहीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण बाकीचे सगळे पळून गेले होते. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तशी मी शहाणी ठरले. गल्ली पुन्हा बांधली, शूटिंगही बरंचसं झालंय. पुन्हा डब्यात जाईल या भीतीनं इतके दिवस कळवलं नाही.

पण एक खडा टोचतोय. तुला वावटळचं वाक्य आठवतं ना? चोर तिजोरीपाशी वाकलेला असतो, मागून खांद्यावर हात पडतो आणि वावटळ विचारतो, “इथे काय?” आमच्या शाळेत मुलं एकमेकांना दिवसभर हेच विचारायची. तर स्टुडिओचं म्हणणं, या वाक्याचा उगम दाखवलाच पाहिजे. पटकथा लिहिणाऱ्या तिघांनी महिनाभर बसून तो शोधून काढला. वावटळची आई मरताना छातीवर हात ठेवते आणि शेवटचे शब्द उच्चारते, इथे काय? अपुरा प्रश्न. उत्तर शोधत तो आयुष्यभर गच्च्यांवरून फिरतो. आईचं काम करणाऱ्या बाई इतक्या सुंदर मेल्या की दिवेवाला रडला.

मला मात्र बाबांचं तोंड डोळ्यांसमोर येतं. मी विरोध केला तर साहेब म्हणतात, मग खरा उगम तुम्ही सांगा, नाहीतर हेच राहील, आणि हेही नको असेल तर पाचवा दिग्दर्शक शोधू. बाबांना विचारायची माझी हिंमत नाही. तुला माहीत आहे का गं?

उत्तराची वाट बघतेय, नखं संपत आलीत.

तुझी,
भिंगरी


दि. ८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं, मी इतकी हसले की शेजारीण काय झालं बघायला आली.

आई कसली मरतेय! ती मी होते. तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानावर दादानं चोर काढला, हात काढला, फुगा काढला आणि फुग्यात काय ते सांगायचं विसरून आंघोळीला गेला. छापखान्याचा माणूस दारात. मी फुग्यात दादासाठी विचारून ठेवलं, इथे काय? म्हणजे या फुग्यात काय लिहू, दादा? पेन्सिलनं विचारायला हवं होतं, पण माझ्या हातात शाईचा टाक. दादा बाहेर येईपर्यंत त्या माणसानं पान नेलं होतं. अंक छापून आला आणि आम्ही दोघं कपाळाला हात लावून बसलो. आठवडाभरात मुलांची पत्रं यायला लागली की वावटळनं पुन्हा तसंच विचारावं.

तुझा बाप अजून म्हणतो की तो विसरला नव्हता, फुगा मुद्दाम रिकामा ठेवला होता, कारण वावटळ तिथे गप्पच राहणार होता. त्यावर आमचं आजही भांडण होऊ शकतं. तू मध्ये पडू नकोस.

खरं तेच सांग त्यांना. मुलांना तेव्हा उगम लागला नव्हता, तर या मोठ्यांना कशाला हवाय?

लोभ आहेच, त्याचाही उगम शोधत बसू नका म्हणावं.

तुझी आत्या


दि. १९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बैठकीत मोठ्यानं वाचलं. पटकथा लिहिणारे तिघं टेबलाकडे बघत बसले. मग आमचे म्हातारे संकलक हसायला लागले, त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. साहेबही हसले आणि म्हणाले की कापा तो प्रसंग, आणि हे बाहेर कुणाला सांगू नका. आईचं काम करणाऱ्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. पण आता त्या मरत नाहीत म्हटल्यावर पुढचे चार प्रसंग त्यांना वाढवून मिळाले, तेव्हा बोलायला लागल्या.

आणि काल अनोळखी माणसं बोलावून सिनेमा दाखवून बघितला. मी शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून उभी. खांद्यावर हात पडला, वावटळनं विचारलं आणि थिएटर हसलं. आत्या गं! तेच हसू, मला वाटलं, संपलं सगळं. पण ते हसणं थांबलं, चोर वळला, आणि सगळे एकदम पुढे सरकून बसले. त्याच्या धापेला तर टाळ्या पडल्या! जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला काल कळलं. बाहेर येऊन मी पायरीवर बसून ढसाढसा रडले, आणि झाडणाऱ्या बाईंनी मला बाजूला सरकायला सांगितलं.

पहिल्या खेळाची दोन तिकिटं सोबत पाठवतेय. बाबांना आण. कसंही करून आण.

तुझी,
भिंगरी


दि. १४ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पहिल्या खेळाला तुला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, आणि माझं तोंड पडलेलं दिसलं. तिथे गर्दीत धड बोलता आलं नाही. तो ऐनवेळी पाठ दुखते म्हणाला. पाठ दुखत नव्हती, मला माहीत आहे. घरी येऊन मी त्याला सगळं सांगितलं, लोक कुठे हसले, कुठे गप्प झाले. त्या मरणाऱ्या आईचंही सांगितलं, आणि ती तू कशी वाचवलीस तेही. ऐकून घेतलं आणि पेन्सिलींना टोक करत बसला. डझनभर पेन्सिली बोटाएवढ्या करून ठेवल्या.

सिनेमा फार छान झालाय गं. मी तुझ्या अक्षराबद्दल बोलले ते मागे घेते.

दादाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तरी लावून घेतलंय, तेवढं पुरे.

तुझी आत्या

ता. क. पाकीट बंद करता करता लिहितेय. भाजी आणतो म्हणून दादा दुपारी बाहेर पडला, अजून आला नाही. पिशवी खुंटीवरच आहे.


दि. १५ मे

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही, फुगेसुद्धा तुझी आत्याच भरायची. तरी लिहितो.

काल दुपारचा खेळ बघितला. काही गोष्टी सांगतो. शाल उजव्या खांद्यावरून पडते, तू ती डाव्यावर घेतलीस. पाइपवर त्याचे बूट वाजतात, माझ्या वावटळचे कधी वाजले नाहीत. खलनायक फार बोलतो, निर्मात्याचा पाहुणा आहे का? गल्ली मात्र बरोबर आहे. वाळत घातलेल्या कपड्यांत एका सदऱ्याला बटण नाही, ते फार आवडलं. आणि तो फुगा मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. आत्याचं ऐकू नकोस.

लोक हसले तेव्हा मी उठलो होतो. खोटं कशाला बोलू? पाय आपोआप उठले. मागच्या बाईंनी खांद्याला हात लावून सांगितलं, आजोबा, खाली बसा, आम्हाला दिसत नाही. त्यांना खरंच दिसत नव्हतं आणि त्यांना खरंच बघायचं होतं. मी खाली बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मीही हसतोय. इतकी वर्षं छातीवर धोंडा ठेवून जगलो, तो काल कुठल्या प्रसंगाला उतरला ते सांगता येणार नाही. दिवे लागले तेव्हा तो नव्हता.

तुला मी सुटलीस असं कळवलं होतं. सुटलो मी, पोरी, तुझ्यामुळे.

बाहेर पडताना दारावरच्या तिकीट फाडणाऱ्यानं विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, माझ्या मुलीनं केलाय. त्यानं माझ्या झिजलेल्या चपलांकडे बघितलं आणि बरं बरं म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता. मग मी त्याला तुझ्या जन्मापासून सांगायला घेतलं. पुढच्या खेळाची घंटा झाली, माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी आत जात होती, आणि मी अजून तुझ्या बालवाडीतच होतो.

लोभ पहिल्यापासून होता, दाखवायचा राहिला होता. तो पदरात घे.

तुझा,
बाबा