बिनचेहऱ्यांची भिंत

दि. ९ जानेवारी

ज्याच्या कृपेवाचून डोळ्यांना दिसलेले मनाला उमगत नाही, त्या जगन्नियंत्यास वंदन करून लिहितो.

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. थंडी बेताची आहे. तुझ्या आईची प्रकृती वयोमानानुसार.

परवा आम्ही उभयता नव्या नगरभवनात तू घडवलेली भिंत पाहून आलो. उद्घाटनाला माझे गुडघे आड आले, असे कळवले होते. इमारत भव्य आहे. गिलावा न केलेले काँक्रीट मला अर्धवट वाटले. परंतु काचेच्या छतातून गोल सभागृहात असा प्रकाश उतरतो, की चढ्या आवाजात बोलणे नको वाटावे.

तुझी भिंत जिन्यासमोर. चिनीमातीच्या रंगीत तुकड्यांची एवढी माणसे, आणि एकालाही नाक-डोळे नाहीत. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, तोंडांचं काम पुढच्या वर्षीच्या बजेटात आहे." मी हसलो. तुझी आई हसली नाही.

आता लपवून उपयोग नाही. तिला माणसे ओळखू येईनाशी झाली आहेत. मला ती मास्तर म्हणते, चहा देते आणि घरी कधी जाणार, असे अदबीने विचारते. गुडघे हे निमित्त होते. तुझ्या सोहळ्यात, चारचौघांत, तिने तुला 'आपण कोण?' असे विचारले असते, तर तुला ते सोसले नसते. निर्गुणाची थोरवी मी जन्मभर सांगितली. घरातले एकेक सगुण मुख पुसले जाताना ती कामी येत नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात वेणी घातलेली मुलगी आहे. त्या वेणीवरून आईने बोट फिरवले.

"ही चौपेडी माझ्या हातची आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मुलगी कोणाची हो, मास्तर?"

"आपली," मी म्हणालो. तिने मान हलवली, पटले नसावे.

ये. तुझ्यामाझ्यात जो अबोला आहे, त्याचे मागाहून पाहू. तिला नाव सांगू नकोस, आठवते का म्हणून विचारू नकोस. तिच्यापुढे पाठ करून बस. केस कापले असशील तरी बस. तिचे हात अजून चुकत नाहीत.

तुझे बाबा

हे पत्र ज्याच्या ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याला नावाने हाक मारणारे कोणीतरी त्याच्या घरी सदैव असो.