बाळ्याच्या खिडकीसमोरचे झाड

चि. धाकटीस, दादाचे मनापासून आशीर्वाद.

प्रवास ठीक झाला. गुडघ्यांनी फारशी कुरकुर केली नाही. तुझ्या वहिनीच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली का? तिला वाचून दाखवण्यापूर्वी हे पत्र तू एकटीने वाच.

आपला बाळ्या ज्या मुख्यालयात खुर्चीवर बसल्याबसल्या गेला, तेथे त्याचे सामान आणावयास आज गेलो होतो. इमारत डोंगराएवढी आहे. तीन फाटकांवर तीनदा अंगझडती झाली. चौथ्या दारापाशी मला थांबवले. तेथल्या पहारेकऱ्यास मी विचारले, "यांतली माझ्या मुलाची खिडकी कोणती? खिडकीसमोरच्या झाडाविषयी तो आईला दर पत्रात लिहीत असे."

तो ओशाळला. "आजोबा, ह्या खिडक्या नुसत्या बाहेरच्या व्हरांड्याच्या. कामाच्या खोल्या पार आत, इमारतीच्या पोटात. तिथं ऊन आहे की पाऊस, तेसुद्धा कळत नाही. आणि झाड कुठलं? आड कुणी लपायला नको म्हणून आवारात एकही ठेवलेलं नाही."

चष्मा आणि डबा घेऊन परतलो.

अकरा वर्षे त्याने ते झाड पत्रांतून वाढवले. मी आयुष्यात कोणाचे खोटे खपवून घेतले नाही, हे तू जाणतेस. तरी वहिनीला सांग, मी झाड पाहिले. त्याला नवी पालवी फुटली आहे.

तुझा,
दादा