काळं ते काळंच पाहिजे

१२ जानेवारी, रविवार

फसवलं! दिवाळीपासनं वाट बघून मागवलेली सिनेमाची फोर-के डिस्क आली आणि बघतो तर काय — नुसता अंधार! शनीच्या कड्यांमागनं यान निघतं, मागं तारेच तारे, असं जो तो लिहितोय. मला मधोमध यान दिसतंय, बाकी सगळं डांबर. आवाज मात्र एक नंबर. इंजिन सुरू झालं तशी मांडणीवरची पातेली वाजली. आई ओरडली, "बिरू, पत्रं उडवतूस का रं घरावरचं?"

विकणाऱ्याला मेल टाकली. बदलून द्या.

१९ जानेवारी

मागच्या खोलीत घोंगड्या टांगल्या. अप्पा मेंढरं राखायचे तेव्हाच्या, जाडजूड. खिडक्यांवर दोन, भिंतींवर चार. भर दुपारी अंधार गुडुप, आणि आवाज घुमायचाही बंद झाला! ज्ञानेश्वरी नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, सिनेमात बकरी आली का?" बायको असली तरी मामाचीच पोरगी. लहानपणापासनं अशीच खेचते. आमच्या पोरीला, अर्पिताला, सिनेमाचं काही न्हाय, तिला घोंगडीमागं लपायचंय. दुसरीत गेली तरी!

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो तर बदललेली डिस्क दारात. लावली. तेच! पुन्हा डांबर! टीव्हीचा ब्राइटनेस पार टोकाला नेला.

२ फेब्रुवारी, रविवार

तामलवाडीचा शंभू आला होता. शाळेत तो गणित शिकवतो, मी विज्ञान. सिनेमाचं याड दोघांना सारखंच. बसल्या बसल्या म्हणाला, "हे काय करून ठेवलंस लेका? आकाश हाय का धुण्याचं पाणी?" लई लागलं मला. काळं ते काळंच पाहिजे, असं शाळाभर सांगत फिरणारा मीच!

त्यानं सेटिंग होतं तसं केलं. "आता बघ! कोपऱ्यात तर जत्रा भरलीय ताऱ्यांची." मी व्हय व्हय म्हणालो. मला कोपराच दिसत नव्हता.

३ फेब्रुवारी

दोन्ही डिस्का चांगल्या होत्या.

९ फेब्रुवारी

एकेक आठवतंय. दिवस मावळल्यावर बांधावरनं गाडीसकट खाली गेलो — खडीला शिव्या दिल्या. अंगणात बादलीला धडकलो — बादली ठेवणाऱ्याला शिव्या. परवा दावणीची शेळी तुडवली. आई म्हणाली, "ध्यान कुठं असतंय रं तुझं?" मलाही तसंच वाटायचं, ध्यान न्हाय म्हणून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोलापूरला डोळे दाखवून आलो. एकटाच गेलो. शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं.

एका डोळ्यावर पट्टी लावली, डोकं मोठ्या पांढऱ्या टोपल्यासारख्या यंत्रात टेकवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मधले थोडे दिसले. मग काहीच न्हाय. बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. शेवटी विचारलं, "मॅडम, पुढचे कधी चालू होणार?"

"सर, टेस्ट संपली."

डोळ्याचा पडदा कडेकडेनं निकामी होत चाललाय. थांबवायला औषध न्हाय. अंधार पडल्यावर गाडी चालवायची न्हाय. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिसेस नात्यातल्या का?" मामाची मुलगी, म्हणालो. "हे आईबाप दोघांकडनंही उतरू शकतं. मुलीला एकदा घेऊन या."

एसटीत खिडकीकडं तोंड करून रडलो. माझ्यासाठी किती आणि पोरीसाठी किती, काय माहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

ज्ञानेश्वरीला माझं सांगितलं. पोरीचं न्हाय सांगितलं.

ती रडली न्हाय. दुपारी भाकरी थापून झाल्यावर स्वतःहून आत आली. "लावा तुमचं ते शनीचं." शेजारी बसून सांगत राहिली — "डावीकडं लई तारे हायत. बारीक, खसखशीवाणी. वर एक तांबडा. आता दगडं आली बगा, मोठाली." दगडं माझ्या डोक्यावरनं मागं गेली, ती मला तिच्या आधी ऐकू आली. हसलो दोघं. मग मला हुंदकाच आला. तिनं आवाज वाढवला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

चांगली बाई आहे. आणि मी तिच्यापासनं केवढं लपवतोय!

४ मार्च

अर्पिताची परीक्षा होऊ दे, मग नेऊ. ही सबब आहे. मला कळतंय. पण भीती वाटते — लई भीती वाटते.

१२ मार्च

संध्याकाळी लाईट गेली. अर्पिता अंगणात खेळत होती, तिथनंच हाका मारायला लागली. ज्ञानेश्वरी चुलीपासनं म्हणाली, "ये की गं, टिपूर चांदणं पडलंय. दार समोर हाय."

"कुठं हाय? मला काईच दिसंना, आई!"

ज्ञानेश्वरी हसली. मी उठलो. मलाही काही दिसत नव्हतं. "बोलत राहा बाळा," म्हणालो आणि तिच्या आवाजाकडं चालत गेलो.