एकाच भाषेचा बाक

सोमवार, ८ सप्टेंबर

सुटले बाई! नवीला एकदाची जागा मिळाली. आठवडाभर ही पोरगी वर्गात येऊन नुसती बसत होती — आमचं तिला कळेना, तिचं आम्हाला. एका वर्गात अकरा घरच्या भाषा, मी कुठे कुठे पुरणार? आणि आज डोक्यात प्रकाश पडला: आमच्या चिवचिवच्या घरची भाषा तीच की! चिवचिव दोन वर्षांपासून इथे आहे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बसवलं दोघींना एका बाकावर. मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "कमाल केलीत हं!" मी आपली हवेत.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चिवचिव चक्क गप्प! नवीला कामापुरतं सांगते, मग फळ्याकडे बघत बसते. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तुझा वर्ग शांत? पेपरात दे!" हसलो दोघं.

सोमवार, १५ सप्टेंबर

शुक्रवारी तपासणीला साहेब येणार. मोठ्या बाईंना माझाच बाक दाखवायचाय. पुढे सगळ्या वर्गांत असंच करणार म्हणे — भाषा बघून जोड्या!

मंगळवार, १६ सप्टेंबर

चिवचिवचे वडील आले. बस चालवतात, गणवेशातच होते. खुर्ची दिली तर बसेनात.

"बाई, हिची जागा बदला."

"अहो, पण दोघींची भाषा एकच —"

"म्हणूनच. आमचं घर पेटवलं ते हीच भाषा बोलत होते. शेजारीच होते आमचे. या मुलीचं आडनाव ऐकलं आणि कळलं, कुणातली ते."

मग जरा हळू म्हणाले, "पोरीचा दोष नाही, समजतं मला. पण माझी मुलगी झोपेत ओरडून उठते हो."

ते आडनाव मी रोज हजेरीला वाचते! मला काय कळलं? कप्पाळ!

बुधवार, १७ सप्टेंबर

मोठ्या बाईंकडे गेले. "शुक्रवार होऊ दे, मग बघू. आत्ता घोळ नको." आणि मी "बरं" म्हणून परत आले! इतकी कशी मी मेली मिळमिळीत?

गुरुवार, १८ सप्टेंबर

चिवचिव आली नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आजही नाही. साहेब आले तेव्हा नवी बाकावर एकटी. "जोडीदार आजारी आहे," मोठ्या बाईंनी सांगून टाकलं. साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला, गेले.

मग नवीला खूण केली — मागच्या बाकावर जा. का, ते सांगणार कसं? सांगू शकली असती ती एकटी चिवचिव! नवीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल उचलली, दप्तर उचललं, गेली. इतक्या पटकन! जागा सोडायची सवयच असल्यासारखी. मी फळ्याकडे तोंड करून रडले. मुलांना वाटलं, खडूची धूळ गेली डोळ्यात.

सोमवार, २२ सप्टेंबर

चिवचिव आली. नवीला मागच्या बाकावर हलवलंय, हे मुलांनी तिला आल्याआल्या सांगितलं. पण नवी आलीच नाही. तिच्या घरचा फोन लागत नाही.

मधल्या सुट्टीत चिवचिव टेबलापाशी आली. "बाई, ती कुठेय? तिचं पण घर जाळलंय. आमच्या लोकांनी. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. बाबांना नका ना सांगू."

मग दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली — अर्धी जागा सोडून.