शेगडी काढायची तर आधी मला काढा

तीर्थस्वरूप मामांस,

रागावलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. राग पुढे येतोच आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी घेतलीत का? नसेल तर आधी घ्या, मगच पुढचं वाचा. आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत, आणि तुम्ही धाडलेल्या सल्लागाराला नेमकं तेच पटत नाही.

मामा, तुम्ही विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आणि मी या वृद्धाश्रमाची साधी व्यवस्थापक. खर्च आटोक्यात हवा, नियम पाळायला हवेत, धोके टाळायला हवेत, सगळं कबूल. पण या गृहस्थाने आल्या आल्या जिन्याकडे बघून ‘संभाव्य घसरण’ म्हटलं, मांजरीकडे बघून ‘संभाव्य चावा’ म्हटलं, आणि आमच्या हेडबाईंकडे (निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून मैदानभर पुरेल असा) बघून तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याला खिशातले हात बाहेर काढून उभं राहायला सांगितलं. तेव्हापासून त्याचं नाव संभाव्यराव. तोंडावरसुद्धा.

संभाव्यरावांच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपली ती बसायच्या खोलीतली शेगडी. तुम्हाला ठाऊकच आहे, चारचा चहा आमची मंडळी स्वतः करतात. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशीचा चहा त्याने करायचा, आणि तो कसाही झाला तरी बाकीच्यांनी ब्र न काढता प्यायचा. (कंपाउंडरकाकांनी त्यांच्या पहिल्या दिवशी जुन्या सवयीने प्रत्येकाला दोन-दोन चमचे चहा दिला आणि उरलेला जेवणानंतर घ्यायला सांगितला. सगळ्यांनी निमूटपणे घेतला.) तर या शेगडीपुढे उभं राहून संभाव्यरावांनी लिहिलं: उघडी ज्योत, थरथरते हात, गॅसचा वायफळ खर्च. शेगडी बंद करा, बटण दाबलं की चहा देणारं यंत्र आणा.

आणलं. म्हटलं, बघू तरी. चहा गरम होता, स्वस्त होता, नियमात बसणारा होता, आणि चार वाजता खोलीत मी, यंत्र आणि मांजर एवढेच होतो. काठी टेकत का होईना, दूध तापवायला रोज येणारे कंपाउंडरकाका पलंगावरून उठेनात. साखर किती घालायची यावर भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून हेडबाईसुद्धा गप्प गप्प. हेडबाई गप्प, मामा! मी संभाव्यरावांना विचारलं, माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, हा धोका तुमच्या कोणत्या रकान्यात बसतो? ते म्हणाले, तसा रकानाच नाही. मग मात्र माझं डोकं सटकलं. यंत्र परत पाठवलं, शेगडी पेटवली. हो, तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, मग विचारून काय उपयोग?

सोमवारी बैठकीत तुम्ही शेगडीचा निकाल लावणार असं कळलं. खुशाल लावा. पण शेगडी काढायची तर आधी मला काढा. ही धमकी नाही. (बरं, आहे.) लहानपणी मला हट्टी म्हणायचात ना, तो हट्ट आता कामाला आलाय.

तुमचीच,
भाची

ता.क. संभाव्यराव तुम्हाला आगीबद्दल सांगतील. आग लागली होती हे खरं आहे. पडदा जळाला. पण आग विझवायचं नळकांडं गैरवापर होऊ नये म्हणून कुलपात कोणी ठेवलं? किल्ली कोणाकडे? गृहस्थ सगळे खिसे चाचपत असताना हेडबाईंनी पातेलंभर चहा पडद्यावर ओतला आणि कंपाउंडरकाकांनी खिडक्या उघडल्या. थरथरत्या हातांनी.

ता.क. २ आग त्या हातांनी लागली नव्हती. शेगडी किती सुरक्षित आहे हे संभाव्यरावांना पटवून देताना माझ्या हातात फडकं होतं, आणि मी बोलताना हातवारे किती करते ते तुम्ही जाणताच. तेव्हा धोक्यांमध्ये माझं नाव घाला, शेगडीचं नको. आणि एक पडदा पाठवा.

ता.क. ३ खरं म्हणजे हे सगळं पत्र एवढ्यासाठीच. खिडकीजवळची खोली रिकामी झाली आहे. तुमची शेजारीण परवा भेटली होती. म्हणाली, मामी गेल्यावरही तुम्ही चार वाजता दोघांचा चहा टाकता आणि एक कप मोरीत ओतून देता. मामा, इकडे राहायला या. पहिल्या दिवशीचा चहा तुम्हालाच करावा लागेल, सगळ्यांचा. कसाही झाला तरी कोणी ब्र काढणार नाही, आणि ओतून द्यायला काही उरणार नाही.