घंटी उजव्या हाताशी

३ मार्च, सकाळी ११
बायकोला हॉस्पिटलमधून घरी आणलं. पॅरालिसिसचा झटका. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. एकच शब्द उरलाय: छान. काहीही विचारा, छान. डॉक्टर म्हणाले, तेवढाच जिभेवर अडकून राहिलाय, त्याचा अर्थ लावत बसू नका. वा! अडतीस वर्षांच्या संसारात हा शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि आता अर्थ लावू नका.

घरी नर्स ठेवा, नाहीतर आईला मी माझ्याकडे नेते, असं लेकीचं म्हणणं. म्हटलं, तीस वर्षं अख्ख्या वर्कशॉपचा मेंटेनन्स सांभाळला, एक बाई सांभाळता येणार नाही? दोन महिन्यांची मुदत मिळाली.

४ मार्च
वेळापत्रक भिंतीवर लावलं. चार रंगांत. दर दोन तासांनी कूस बदलणे. उशाकडची बाजू उंच करून, सावकाश भरवणे. हातापायांचा व्यायाम, दिवसातून तीनदा.

शिवाय माझी खास आयडिया. रिटायर होताना ऑफिसातली टेबलावरची घंटी घरी आणली होती. मी दाबली की शिपाई धावत यायचा. ती हिच्या उजव्या हाताशी, डावा पोचणार नाही अशी ठेवली. हो, लुळ्याच! डावीकडे ठेवली तर उजवा हात कायमचा आळशी होईल. गरज पडली की झक मारत हलेल. हिला विचारलं, कशी काय आयडिया? म्हणाली, छान.

९ मार्च
घंटी एकदाही वाजली नाही. म्हणजे हिला काही कमी पडत नाही. मी बाहेरच्या खोलीत घंटीकडे कान लावून बसलेला असतो. मॅच चालू असते, पण आवाज बारीक ठेवतो.
व्यायाम उद्यापासून.

१७ मार्च, दुपारी २
भात, गाजर, बटाटा, सगळं मिक्सरमधून एकदम काढलं. मोठा चमचा घेतला, वेळ वाचतो. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. एवढं प्रेमानं भरवल्यावर बाईमाणूस गहिवरणारच.
कूस आता दर चार तासांनी. बिचारीची झोपमोड कशाला?

२९ मार्च
लेकीचा फोन. स्पीकरवर टाकला. आई, बाबा नीट बघतात ना? छान. मी मुद्दाम दोनदा वदवून घेतलं. फोन ठेवल्यावर हिला थँक्यू म्हटलं, तर हिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिल्यापासून लाजाळूच.
व्यायाम एक तारखेपासून. महिन्याची सुरुवात बरी असते.

६ एप्रिल
हिच्या कमरेखाली लाल चट्टा. पावडर लावली. वेळापत्रकाचा एक कोपरा सुटलाय, चिकटवायला हवा.

१२ एप्रिल, रात्री ८
चट्टा फुटला. नेमकी आजच लेक न सांगता आली. चादर वर केली आणि किंचाळली. लगेच फोन लावला. संध्याकाळी नर्स हजर. बाई मूठभर, आवाज सायरनचा. बेडसोअर म्हणे. दोन तासांचे चार तास कुणी केले म्हणे. मग तिची नजर घंटीकडे गेली. ही इथे कुणी ठेवली? मी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं घंटी उचलली आणि डाव्या हाताशी ठेवली.

हिनं लगेच दाबली. टण्ण. मग दाबतच सुटली. थांबेचना! नर्स म्हणाली, वाजवू द्या, चाळीस दिवसांचं साठलंय. अगाऊ कुठली.

१५ एप्रिल
मी खोलीत पाऊल टाकलं की घंटी. बाहेर पडलो की बंद. मला बघून हिला किती आनंद होतो! नर्स गालातल्या गालात हसते. जळते मेली.

२ मे, संध्याकाळी ६
मुदत संपली. लेक आली. नर्सनं मधल्या काळात शिकवून ठेवलंय: एक टण्ण म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. लेकीनं विचारलं, आई, इथेच राहायचं? टण्ण, टण्ण. माझ्याकडे येतेस? टण्ण.

मी म्हटलं, घंटीत बिघाड आहे, ऑफिसातही कधीकधी डबल वाजायची. मग स्वतः विचारलं. अगं, एवढं केलं तुझं, माझं काही चुकलं... वाक्य पुरं व्हायच्या आत टण्ण. एकच.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, छान.
या वेळी अर्थ लागला.

४ मे
ही लेकीकडे गेली. तिनं तिकडे नवी घंटी घेतलीय. ही जुनी नको म्हणाली.

नर्सचं चूक आहे हे मी पुराव्यानिशी सिद्ध करायचं ठरवलं. हिच्या कॉटवर आडवा झालो. घंटी उजवीकडे, बोटांपासून चार बोटं लांब. उजवा हात मेला असं समजायचं, एक तास हलवायचा नाही. समोर घड्याळ ठेवलं. पहिल्याच मिनिटाला पाठीखाली चादरीची चुणी टोचायला लागली. मग नाकावर माशी बसली. मग तहान लागली.

हात हलला.

चार मिनिटं टिकलो. ती चाळीस दिवस पडून होती आणि मी बाहेर मॅच बघत होतो.