बटाटे सोलणारी वार्ताहर

कार्डिफ,
१३ जानेवारी १९८५

ती. स्व. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम.

सुखरूप पोचले. नागपूरच्या पत्रकारिता विभागातून या सत्रासाठी परदेशी आलेली मी एकटीच, हे थंडीनं कान दुखायला लागले तेव्हा कुठं खरं वाटलं. आईनं दिलेली चटणीची बरणी कस्टमच्या साहेबानं उघडून हुंगली आणि शिंकत शिंकत परत दिली.

काळजी एकच. आठ फेब्रुवारीपर्यंत प्रत्येकानं बाहेर फिरून एक लेख आणायचा आहे. ज्याला जमणार नाही त्यानं बातमीदारी सोडून सत्रभर इंग्रजीच्या शिकवणीला बसायचं. माझं बोलणं इथं कुणाला पटकन कळत नाही, म्हणून आमच्या बाईंनी साडीवर लिहायला सुचवलं. बाबा, त्यासाठी मी एवढ्या लांब आले का? इथले कोळसा कामगार दहा महिन्यांपासून संपावर आहेत. त्यांच्यावर लिहीन असं मी वर्गात सांगून बसले. पण काल त्यांच्या गावात गेले, दारोदार उभी राहून विचारलं, तर हो नाहीतर नाही, यापलीकडे कुणी बोललंच नाही. माजरीच्या खाण कॉलनीत वाढलेल्या पोरीला खाणवाल्यांशी बोलता येऊ नये, याची फार लाज वाटली.

दोघांनीही तब्येतीला जपावं, आणि माझ्यावरची माया कमी करू नये.

तुमची
उत्पला

माजरी,
२३ जानेवारी १९८५

चि. उत्पलास,
बाबाकडून जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. मी ते लॅम्परूममध्येच घेऊन गेलो. पाळीवर जाणारा माणूस बिल्ला देते अन् दिवा घेते, तेवढ्यात एकेकाले विचारलं, संपावरच्या खाणवाल्याले काय विचारावं म्हणून. साऱ्या पाळीनं डोकं लावलं. लटारू म्हणे, पगाराचं पहिले विचारू नको, ते तर सारेच विचारतेत. शफीचाचा म्हणे, संपात खाणीतलं पाणी कोण उपसून राह्यलं, हे विचार. अन् माहा प्रश्न असा, का दहा महिने झाले तरी पहिल्या पाळीच्या वेळेले त्याची झोप उघडते काय? माही तर सुट्टीच्या दिवशीबी उघडते, अन् मंग तुह्या आईच्या शिव्या खातो.

तुह्या आईले पत्र वाचून दाखवलं तर ती हासाले लागली. म्हणे, उभ्या माणसाले कोणी मनातलं सांगत नाई. जिथी रांधून राह्यले असतीन तिथी जाय, जे चिरत-निवडत असतीन ते हातात घे अन् चूप बस. साडीचं म्हणशीन, तर ते लिहाचं काम आईले दे. तिच्यापाशी दोनच हायेत, लेख लवकर आटपन.

रडू नको. इथी सारे तुह्या पाठीशी हायेत.

तुहा बाप
देवाजी

कार्डिफ,
१४ फेब्रुवारी १९८५

ती. स्व. आई आणि बाबा,
सविनय जयभीम. आज आईचं नाव आधी लिहिलं आहे. बाबांनी रागावू नये.

तुमचं पत्र आलं त्याच शनिवारी पुन्हा त्या गावात गेले. तिथल्या सभागृहात संपवाल्यांच्या बायका साऱ्या गावाचा स्वयंपाक करतात. मी वही पिशवीत टाकली, सुरी मागितली आणि बटाट्यांच्या पोत्यापाशी बसले. शेजारी ग्वेन नावाची बाई होती. माझी साल इतकी पातळ निघत होती की तिनं ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवली. अर्धं पोतं होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग तीच बोलायला लागली. जिथं मला कळेना, तिथं ती सुरीनं हवेत चित्र काढून दाखवी.

तिचा नवरा एमलिन आला, तेव्हा बाबांचा प्रश्न विचारला. तो उगाच बटाट्यांचं पोतं सरकवायला लागला. ग्वेननं मात्र सांगितलं की हा रोज पहाटे उठतो, बूट घालतो, खाणीच्या फाटकापर्यंत जातो आणि चोरपावलांनी परत येऊन झोपतो. बायकोला हे ठाऊक आहे, हे बिचाऱ्याला तोवर माहीतच नव्हतं! कानापर्यंत लाल झाला. माझे बाबा लॅम्परूममध्ये आहेत म्हटल्यावर त्यानं आणखी चौघांना हाका मारल्या. शफीचाचांना सांगा, पाणी उपसायला तिथले लोक संपातही जातात, नाहीतर खाणच बुडेल. शेवटी तेच मला प्रश्न विचारत सुटले आणि माझी बस चुकता चुकता राहिली.

बाईंनी लेख वर्गात मोठ्यानं वाचला, आणि साडीचं सुचवणं ही आपली चूक होती असं सगळ्यांसमोर कबूल केलं. इथल्या एका वर्तमानपत्रानं तो छापलाय. कात्रण सोबत आहे. माझी बातमीदारी पक्की!

इथं सगळं आहे, तुम्ही दोघं तेवढे नाही. पत्र लवकर लिहावं.

तुमचीच
उत्पला

माजरी,
२५ फेब्रुवारी १९८५

चि. उत्पलास,
बाबाकडून जयभीम अन् शाबासकी.

कात्रण भेटलं. हायस्कूलच्या वामनराव गुरुजीले लॅम्परूमपुढं उभं केलं. ते इंग्रजी वाचत अन् आपल्या बोलीत सांगत. एमलिनच्या बुटाचं आलं तवा सारे हासले, अन् मंग जो तो आपल्याच बुटाकडे पाहाले लागला. पाळी दहा मिनिटं उशिरा उतरली. साहेब काई बोलले नाई, कारण तेबी ऐकून राह्यले होते.

आता खरी गोष्ट सांगतो. घरी येऊन तुह्या आईले हे सारं सांगतलं, तर ती म्हणे, पोरगी आली का तिले सांगा, पहिले माहं लिहून घे. मी म्हणलं, तुह्यं काय हाय लिहासारखं? तर म्हणे, तुमी कदी विचारलं?

बावीस वर्षं झाली लग्नाले, पोरी. खरंच नव्हतं विचारलं. मंग विचारलं.

लग्नाआधी ती गडचिरोलीकडच्या जंगलात बांबूच्या डेपोवर कामाले जाये. तिथी बायायले पाणी प्याले नाल्यावर जाऊ देत नव्हते. तर तुह्या आईनं, सतरा वर्षांच्या पोरीनं, सुकरी नावाच्या मैत्रिणीले संग घेऊन साऱ्या बाया फाटकात बसवल्या. तीन दिवस कोणी हाललं नाई. चौथ्या दिवशी मुकादमानं सोता माठ आणून ठेवले.

अन् मी बावीस वर्षं युनियनच्या सभेत भाषणं देऊन राह्यलो, अन् ही मांगच्या रांगेत बसून ऐकून राह्यली! मी भीत भीत विचारलं, माही भाषणं कशी वाटत होती म्हणून. म्हणे, बरी असत, पण लांब.

तवा हे पत्र इथीच थांबवतो. जीव लावत राह्य.

तुहा बाप
देवाजी